व्ही-एट न बसवलेली हॉट रॉड: मुलुंडच्या अंगणातल्या जीपचं प्रकरण

मुलुंड पूर्वेला काही जुने प्लॉट अजून पुनर्विकासातून सुटलेले आहेत. तळमजला, वर एक मजला, बाजूला फणस आणि पुढे एक गाडी उभी राहून शेजारी माणूस वाकून काम करू शकेल एवढं अंगण. मुंबईत घरच्या घरी गाडी बांधायची तर पहिली अट हीच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर लावला की अर्ध्या तासात वॉचमन येतो, त्याच्या मागून सेक्रेटरी. या प्रकरणातल्या मालकाकडे आजोबांच्या वेळचं असं अंगण होतं, पत्र्याची शेड होती आणि १९६४ ची एक महिंद्रा सीजे-३बी जीप होती. तिची त्याला हॉट रॉड, म्हणजे घरी बदल करून जोरकस केलेली जुनी गाडी, करायची होती. नुसती मिरवायला नको होती. बायको-मुलांना घेऊन कसारा घाट चढून भंडारदऱ्याला जायचं, मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन आणि मुलांच्या सायकली.

माझं काम आकडेमोड आणि कागदपत्रांपुरतं. पाना हातात धरला तो मालकाने आणि मिस्त्रीकाकांनी. काकांचा जन्म कुर्ल्याच्या वर्कशॉपांत गेला. मालकाला ते तो शाळेत असल्यापासून ओळखतात, म्हणून अरे-तुरे करतात.

मालकाची मूळ योजना अशी होती: जीपचं पेट्रोल इंजिन काढायचं, त्या जागी व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन) नाही तर निदान एखादं मोठं आधुनिक डिझेल बसवायचं, बॉडी खाली घ्यायची, बॉनेटवर ज्वाळा रंगवायच्या. फोटो जमवलेले होते. ते बघून काकांनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळं झाल्यावर पासिंग कोण देणार? तू की मी?"

आम्ही कामाला सुरुवात तिथूनच केली. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, घनक्षमता, इंधन, बॉडीचा प्रकार, रिकामं वजन, आसनं, रंग अशा नोंदी असतात. म्हणजे अमेरिकेत ज्याला हॉट रॉड म्हणतात त्यातलं जवळजवळ सगळं इथे नोंदीच्या रकान्यावर येऊन अडतं. ज्वाळासुद्धा, कारण आरसीत रंग हिरवा आहे.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. १९६४ ची जीप वयाच्या अटीत आरामात बसते, आणि मालकाला त्या दोन अक्षरांची भुरळ पडलीच होती. पण अटी वाचल्यावर उत्साह मावळला. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठी. रोजचा वापर नाही. ट्रेलर लावून भंडारदऱ्याला चार दिवस राहायला जाणं यात कुठेच बसत नाही. तेव्हा साधी आरसी नूतनीकरण करून चालू ठेवायची, पर्यावरण कर भरायचा, एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट बसवायची आणि व्हीए विसरायचं, हे ठरलं. माझ्या मते फिरायला गाडी हवी असणाऱ्याने व्हीएच्या मोहात पडूच नये. ती नोंदणी संग्राहकांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी चांगली आहे.

या जीपची मोठी जमेची बाजू म्हणजे इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी जुळत होते. जुन्या जीप घेणाऱ्यांना माहीत असेल, मधल्या काळात पेट्रोलच्या खर्चाला वैतागून कितीतरी जीपना डिझेल इंजिनं बसवली गेली आणि नोंद मात्र पेट्रोलचीच राहिली. असली गाडी स्वस्तात मिळते आणि आरटीओच्या दारात अडकते.

राहिला प्रश्न ताकदीचा. मालकाचा आक्षेप रास्त होता: "साठ वर्षांपूर्वीचं चार सिलिंडरचं इंजिन ट्रेलर ओढून घाट चढणार कसं?" म्हणून गणित मांडलं. जीप १,०५० किलो, माणसं आणि त्यांचं सामान ३२० किलो, भरलेला ट्रेलर ४३० किलो. एकूण १,८०० किलो. ६ टक्के चढावर ताशी ५० किलोमीटरने जायचं तर नुसतं वर उचलण्यासाठी सुमारे २० हॉर्सपॉवर लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळवले की चाकांपाशी २८ ते ३०. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला त्याहून कमी. सीजे-३बीचं एफ-हेड 'हरिकेन' इंजिन २,१९९ सीसीचं आहे आणि चांगल्या अवस्थेत मिनिटाला ४,००० फेऱ्यांना सुमारे ७५ हॉर्सपॉवर देतं. टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, उच्चांक २,००० फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे ओढायला इंजिन पुरतं.

मालकाला पटवण्यासाठी मी आणखी एक आकडा पुढे केला. हॉट रॉडचा पंथ ज्या गाडीवर उभा राहिला त्या १९३२ च्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट मुळात ६५ हॉर्सपॉवरचं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मुरॉकसारख्या कोरड्या तलावांवर पोरांनी या गाड्या पळवल्या, १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली, तेव्हा त्यांच्याकडे होतं ते एवढंच: स्वस्तातली जुनी गाडी, घराजवळची शेड आणि स्वतःचे हात. त्यांनी गाड्या हलक्या केल्या, कारण त्यांना सरळ रेषेत पळायचं होतं. आपल्याला वजन ओढायचं आहे, तर आपण आपल्या कामाप्रमाणे गाडी घडवू. तेव्हा कुठे व्ही-एट वहीतून खोडलं गेलं.

इंजिन उघडलं, बोअर मारला, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, क्रँक भांडुपच्या एका लेथवाल्याकडे ग्राइंड करून फ्लायव्हीलसकट बॅलन्स करून घेतला. शर्यतवाले फ्लायव्हील हलकं करतात. आम्ही मूळचं जड फ्लायव्हील तसंच ठेवलं, कारण ट्रेलरसकट चढावर गाडी उचलताना तेच इंजिन बंद पडू देत नाही. इग्निशन इलेक्ट्रॉनिक केलं, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि पाणी धरतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे घेतले आणि जेट एक आकडा मोठा केला.

गिअरिंगमध्ये खरी गंमत होती. सीजे-३बीच्या ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. मूळ ६.००-१६ टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे ३,१५० फेऱ्या घेतं. अर्धा तास चालवली की कान सुन्न होतात आणि तेलाचा वास केबिनमध्ये येतो. केबिन म्हणजे काय तर ताडपत्री. अमेरिकेत या जीपच्या ट्रान्स्फर केसमागे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीमागे) बसणारे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनच्या फेऱ्या कमी करणारे जादा गिअर, मिळत आले आहेत, पण आयातीचा खर्च ऐकून तो विषय तूर्त बाजूला ठेवला. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये ४.८८ चे क्राउन-पिनियन, म्हणजे हे गुणोत्तर ठरवणारे दातेरी गिअर, बसवले. दोन्हीकडे एकच गुणोत्तर हवं, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर ॲक्सल एकमेकांशी भांडतात. टायर ७.००-१६ घेतले. आता ८० ला सुमारे २,६५० फेऱ्या. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला सुमारे २,०६०, म्हणजे नेमका टॉर्कच्या शिखरावर. एवढं जुळून येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

याचा एक उपद्रव मात्र होतो. या जीपचा स्पीडोमीटर ट्रान्स्फर केसवर चालतो. मागचं गुणोत्तर आणि टायर बदलले की तो कमी दाखवू लागतो. काटा ६७ वर असताना गाडी खरी ८० ला असते. असे बदल करणारे कितीतरी जण हे विसरतात आणि कॅमेऱ्याने पावती फाडल्यावर नवल करतात. स्पीडोमीटरची पिनियन बदलून फोनच्या जीपीएसशी ताडून घेतलं.

आता ब्रेक. पैसा आणि वाद, दोन्ही इथेच सर्वांत जास्त झाले. मूळचे ब्रेक ९ इंची ड्रम, चारी चाकांना एकच हायड्रॉलिक सर्किट, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसला. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर असतो, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट किंवा मागचा ॲक्सल तुटला तर तोही उपयोगाचा नाही. त्यात मोठ्या टायरमुळे ब्रेकची पकड आणखी सातेक टक्क्यांनी घटते.

मालकाला वाटत होतं की गाडी थांबते आहे ना, मग ब्रेकवर एवढा खर्च कशाला. त्याला कसाऱ्याचा हिशेब दाखवला. इगतपुरीकडून कसाऱ्याला उतरताना साधारण ३०० मीटर उंची खाली येते. १,८०० किलोची ही जत्रा ३०० मीटर खाली आणायची म्हणजे ५३ लाख ज्यूल कुठे तरी मुरवायचे. ८० च्या वेगावरून गाडी पूर्ण थांबवायला लागते त्याच्या जवळजवळ बारापट. हे सगळं चार ड्रमनीच गिळलं, प्रत्येक ड्रम ७ किलोचा, आणि हवेत काहीच उष्णता गेली नाही असं धरलं तर तापमान ४०० अंशांनी वाढतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते आणि इंजिनही गाडी रोखून धरतं. पण त्यासाठी वरूनच दुसरा गिअर टाकून उतरायला हवं; ताशी ६० च्या वेगाने सुसाट आलेल्या जीपला मधेच दुसऱ्यात टाकायला जाल तर हा जुना गिअरबॉक्स ऐकणार नाही. त्याच घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि जड गाड्यांना मागून बँकर, म्हणजे मदतीची जादा, इंजिनं जोडावी लागतात. रस्त्याचा चढ त्याहून तीव्र आहे, आणि आपल्याला मागून धरायला कोणी नाही.

शेवटी केलं ते असं. चारी चाकांना ११ इंची ड्रम, दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर, सगळे पाइप नवे. पुढे डिस्क लावाव्यात असं मालकाचं मत होतं. माझाही कल तिकडेच होता. काका अडून बसले. त्यांचं म्हणणं, ड्रमचे लायनर घोटी किंवा शहापूरला कोणत्याही गॅरेजात मिळतात, जोडून आणलेली डिस्क बिघडली तर तुम्ही घाटात बसाल. फिरतीच्या गाडीसाठी हे मला पटलं. ब्रेक ऑइल डॉट-४. कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी धरल्यावर १५५ पर्यंत खाली येतो. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. मुंबईच्या हवेत, त्यातून पावसाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीत, हे ऑइल पाणी धरणारच. घाट उतरताना पेडल अचानक स्पंजासारखं होतं ते बऱ्याचदा यामुळे. दर वर्षी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते त्याच दिवशी ब्रेक ऑइल बदलायचं असं काकांनी ठरवून टाकलं आहे.

मागच्या ॲक्सलचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बाहेरून दिसत नाही. या जीपचे मागचे हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसतात आणि नटाने आवळतात. नट जरासा ढिला राहिला की चावी शाफ्टला खात जाते, आणि शाफ्ट निमुळत्या भागात तुटला तर चाकच बाहेर निघतं. ट्रेलरच्या ओझ्याने ही शक्यता वाढते. दोन्ही शाफ्ट काढून भेगा तपासल्या, एक बदलला. नट टॉर्क रेंचने आवळायचा, पाय ठेवून नाही, यावरून शेडमध्ये थोडं वाजलं.

कूलिंगला फार वेळ लागला नाही. रेडिएटरला नवा जास्त ओळींचा कोअर, पंख्याभोवती हवा रेडिएटरमधूनच ओढवणारा पत्र्याचा श्राउड, ब्लॉकमधला साठ वर्षांचा गाळ खरवडून बाहेर. पाणी तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे जी पद्धत आहे तिला मात्र ठाम नकार दिला. दुपारच्या घोडबंदर रोडवर ट्रेलरसकट रांगत जाऊन आल्यावर काटा जागेवर राहिला, तेव्हा काकांनी मान डोलावली.

जीप डाव्या बाजूच्या स्टीअरिंगची आहे. त्या काळच्या बऱ्याच जीप अशाच आहेत. कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशा गाडीला चालू स्थितीतली सिग्नल यंत्रणा हवीच, त्यामुळे इंडिकेटर नवे आणि मोठे बसवले. तरी दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडायचं तर ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने बघून सांगायचं. मालकाची बायको हे काम करते, आणि ती "नको" म्हणाली की नाही, यात चर्चा नाही.

ट्रेलरच्या बाबतीत मालकाला खरी हार पत्करावी लागली. भंगारातून त्याने लष्करी पद्धतीचा जुना पाव टनाचा जीप ट्रेलर आणला होता. दिसायला देखणा, आणि चाकं जीपच्याच मापाची, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना पुरते. टुरिंगसाठी याहून चांगलं काय? पण लिलावाचे कागद हरवलेले. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला लिहावा लागतो आणि गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे. कागदांशिवाय ही सुरुवातच होत नाही. शेवटी ७५० किलोच्या आतला, टी-१ वर्गातला, मान्यता असलेला नवा छोटा ट्रेलर घेतला. त्याची चाकं वेगळी, त्यामुळे दोन स्टेपन्या. जीपची चेसिस उंच, ट्रेलरचा दांडा खाली, म्हणून हूक खाली आणणारी जाड प्लेट. ती थेट मागच्या क्रॉसमेंबरला न लावता दोन्ही लांब चेसिसना पट्ट्यांनी बांधली, कारण त्या वयाच्या क्रॉसमेंबरच्या आतून गंज किती खोल गेला आहे हे वरून कळत नाही. जुना ट्रेलर अंगणात आहे. त्यात सध्या कढीपत्ता आणि मिरच्या लावल्या आहेत.

भिवंडी बायपासवर पहिल्यांदा भरलेला ट्रेलर घेऊन निघाल्यावर साठच्या आसपास तो मागे डोलायला लागला. कारण लगेच सापडलं: पाण्याचे कॅन काढायला सोपे जावेत म्हणून अगदी मागे ठेवले होते, त्यामुळे हुकावरचं वजन जवळजवळ शून्य झालं होतं. ते भरलेल्या ट्रेलरच्या ७ ते १० टक्के हवं, म्हणजे इथे ३० ते ४३ किलो. बाथरूममधला वजनकाटा दांड्याखाली ठेवून आता हे दर वेळी मोजतात. कॅन पुढे, सायकली मध्ये, तंबू मागे. डोलणं थांबलं. असं झालं तर ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलेटर सोडून स्टीअरिंग सरळ धरायचं, हे मालकाला ठाऊक होतं म्हणून निभावलं.

घरच्या कामाबद्दल दोन शब्द. बोल्ट, बेअरिंग, हत्यारं नागदेवीला. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, आणि तिथे काका बरोबर असतील तर भाव निम्मा. ग्राइंडर आणि वेल्डिंग फक्त दुपारी, संध्याकाळी फिटिंग. पावसाळ्यात बॉडीचं काम बंद, कारण दमट हवेत प्रायमर मारला की खाली गंज धरतो. निम्म्याहून जास्त पैसा ब्रेक, ॲक्सल आणि कूलिंगवर गेला, रंगावर सर्वांत कमी. रंग हिरवाच आहे. ज्वाळा मालकाने बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगवून घेतल्या. पेट्रोलपंपावर पाणी बघायला बॉनेट उघडलं की गर्दी जमते.

गाडी आता भंडारदऱ्याला जाऊन येते. कसारा चढताना दुसरा गिअर, उतरतानाही दुसराच, मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न सहन करायचे. सपाटीवर ७५ ते ८०, त्यापुढे ती नको म्हणते. दोन गोष्टी बाकी आहेत. एक ओव्हरड्राइव्ह, तो मालकाच्या पुढच्या बोनसवर अवलंबून आहे. दुसरी ट्रेलरचे ब्रेक. सध्याच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि ४३० किलो पूर्णपणे जीपच्या ड्रमवर येतात. गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, आणि त्या धक्क्यानेच लागणारे ओव्हररन ब्रेक त्याला बसतात का हे निर्मात्याकडून तपासून घ्यायचं आहे. तोवर त्यात ४३० च्या वर एक किलोही टाकायचा नाही, असं ट्रेलरच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवलं आहे.